पुण्याची पाटी हिंगोलीच्या वेशीवर

परवा एका जाणकार गृहस्थांनी आम्हाला शहाणे करून सोडले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: मालवाहू गाड्यांनी गावाचा गळा आवळलाय, मोठ्या शहरांनी यावर उपाय काढून ठेवलेत, हिंगोलीने डोके न चालवता ते उचलावेत. दिवसा जड वाहनांना बंदी, ठोक बाजार गावाबाहेर आणि विजेवरच्या गाड्या. झाले. पाटी रंगवायला टाका!

विजेच्या गाडीशी माझे वैर नाही. डिझेलचा टेम्पो जिथे आडवा उभा राहतो तिथेच तीही उभी राहील, एवढेच. बाजार बाहेर नेण्याचे म्हणाल, तर मुंबईचा कांदा-बटाटा 1981 मध्ये आणि भाजी-फळे 1996 मध्ये वाशीला गेली. तोच माल टेम्पोत बसून रोज पहाटे मुंबईत परत येतो.

पण दिवसाबंदी! ती ऐकल्यापासून मला चैन नाही. ही अक्कल पुण्या-मुंबईचीही नव्हे. सीझरच्या काळातल्या रोममध्ये मालाच्या बहुतेक गाड्यांना दिवसा शहरबंदी होती. मग त्या रात्री आल्या. पुढे दीडशे वर्षांनी जुव्हेनाल हा कवी आपल्या उपहासकाव्यात त्यांच्या खडखडाटावर चडफडताना दिसतो. उलट लंडनने 1985 पासून 18 टनांवरच्या गाड्यांवर रात्री आणि शनिवार-रविवारी निर्बंध घातले आहेत, माणसे झोपावीत म्हणून. एक दिवसा अडवतो, दुसरा रात्री, आणि दोन्ही म्हणे 'उत्तम पद्धती'. हिंगोलीने दोन्ही उचलल्या तर हळद मोंढ्यात यायची कधी? ग्रहणात?

गृहस्थांनी हळदीचे बीट, म्हणजे लिलाव, पाहिले आहे की नाही, देव जाणे. उन्हाळ्यात सेनगाव, कळमनुरी, औंढ्याकडून हळद निघते. ट्रॅक्टर-ट्रॉल्या आदल्या संध्याकाळीच रांगेला लागतात. सकाळी व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग पाहतो. हा रंग बल्बखाली कळत नाही, त्याला ऊनच लागते. मग बोली, मग काटा, मग पोत्याचे तोंड शिवणे, मग परपेठेच्या ट्रकला थप्पी. ही साखळी दिवसाची आहे. मधली ट्रकची कडी रात्रीवर ढकलली की पोती ओट्यावर तुंबतात आणि उद्याच्या ट्रॉलीला जागा उरत नाही. ती उभी राहते रस्त्यावर. म्हणजे ज्या कोंडीसाठी बंदी, तीच बंदीतून. आणि रात्रीची थप्पी लावणार कोण? हमालही माणूस आहे, हे महाराष्ट्राने 1969 च्या माथाडी कायद्याने मान्य केले. आमच्या गृहस्थांपर्यंत ती बातमी अजून पोचायची आहे.

असेच एक सज्जन 2008 साली पूर्णा-अकोला रेल्वेमार्ग ब्रॉडगेज झाला तेव्हा म्हणत होते, आता ट्रक इतिहासजमा. त्यांचे काय झाले ठाऊक नाही, ट्रक आहेत.

मग कोणाकडून काहीच शिकू नये? शिकावे, पण जोडीच्या गावाकडून. वसमत, नांदेड, वाशिम, आणि दूरची असली तरी हळदीच्या नात्याने सांगली. सांगलीजवळ हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत वर्षानुवर्षे राहायची. माल दम धरू शकला की बाजारावर एकदम कोसळत नाही. आता पेव उचलून हिंगोलीत आणाल तर फसाल: आमची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. 2005 च्या पुराने खुद्द हरिपुरातली कितीतरी पेवे बुडवली, हेही सांगलीने सांगावे. घ्यायचे ते खड्डा नव्हे, दम. तो गोदामात मिळतो. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990 पासून आहे, तीत माल ठेवून त्यावर कर्ज उचलता येते. पैशाची नड भागली की शेतकरी घाईने ट्रॉली जोडत नाही. मग गावागणिक बिटाचे वार वाटून घेता येतील, वसमतचा आणि हिंगोलीचा मोठा दिवस एकच येणार नाही, हे दोन फोनवर ठरेल. एवढेच सुचते. फार नाही, कबूल.

गृहस्थांना मात्र एक आग्रहाचे निमंत्रण. एप्रिलमध्ये या, संध्याकाळी, मोंढ्याच्या फाटकाशी. पाटी सोबत आणलीत तरी चालेल. ट्रॉलीच्या चाकाला उटी म्हणून लावू.