विषद्रव्याची कुपी आणि वैद्याचे उत्तरदायित्व

ओतूर परिसरातील ऊस-कांद्याच्या शिवारांत काम करणाऱ्यांना सर्पदंशाचे भय नवे नाही. नाग, घोणस, मण्यार व फुरसे यांचे विष म्हणजे मुख्यत्वे प्रथिने व पेप्टाइडे यांचे मिश्रण होय. ब्राझीलमधील एका सापाच्या विषातील पेप्टाइडांच्या अभ्यासातूनच रक्तदाबावरील कॅप्टोप्रिल हे औषध पुढे आले. आपल्या रसग्रंथांतही सर्पविषयुक्त कल्प आहेत. त्यामुळे वैद्यवर्गास अशा द्रव्यांविषयी जिज्ञासा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ती कोणत्या अधिकाराने मिळवावयाची, हे आधी ठरले पाहिजे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम १२ अन्वये जीवरक्षक औषधांसाठी सर्पविष गोळा करण्यास मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. साहजिकच, सर्पमित्राकडून परस्पर विष घेणे वैद्यास शोभणारे नाही आणि कायद्यात बसणारेही नाही. औषध नियमावली, १९४५ च्या अनुसूची ई(१) मध्ये सर्पविषाचा समावेश असून, अशा द्रव्याचा पोटात घेण्याचा कल्प वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावा, ही सूचना वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे.

‘केवळ संशोधनासाठी’ असे छापून विकल्या जाणाऱ्या कृत्रिम पेप्टाइडांच्या कुप्यांनाही हाच विवेक लागू होतो. १९४० च्या कायद्यातील आयुर्वेदीय पेटंट औषधाच्या व्याख्येतून सूचीवेधाने द्यावयाची औषधे स्पष्टपणे वगळली आहेत. आधुनिक औषधे वापरण्याची मुभा असलेल्या वैद्यानेही ही कुपी रुग्णासाठी उघडू नये. कारण ती प्रयोगशाळेतील रसायन आहे, मान्यताप्राप्त औषध नव्हे.

इतक्या बंधनांत संशोधन खुंटेल, असा आक्षेप घेतला जातो. परंतु तमिळनाडूतील इरुळा सर्पपकड्यांची १९७८ साली स्थापन झालेली सहकारी संस्था परवान्याच्या चौकटीत राहूनच विष गोळा करीत आली, आणि त्या विषातून प्रतिविष तयार होऊन असंख्य प्राण वाचले. नियमांनी येथे संशोधन अडविले नाही, त्याला विश्वासार्हता दिली.

ज्यास संशोधन करावयाचे आहे, त्याने महाविद्यालय वा मान्य संस्थेमार्फत नैतिकता समितीची संमती घ्यावी. खरेदीची पावती, घाऊक क्रमांक व विश्लेषणपत्र जपावे. शीतपेटीस कुलूप असावे. वापरलेल्या व नष्ट केलेल्या प्रत्येक मात्रेची नोंदवहीत नोंद असावी. चिकित्सालय आणि प्रयोगशाळा यांच्या कपाटांची सरमिसळ कधीही होऊ नये. खेड्यातील रुग्ण कुपीवरील अक्षरे वाचीत नाही, तो वैद्यावर विसंबतो. म्हणून ती अक्षरे वैद्यानेच वाचली पाहिजेत.