‘र’ अडला म्हणून मूल अडू नये



१४ एप्रिलची सभा. विहारासमोर मांडव. दुसरीतला एक मुलगा नवा सदरा घालून भाषणाला उभा राहतो. आठ दिवस पाठ केलेल्या पहिल्याच वाक्यात बाबासाहेबांचे पूर्ण नाव येते आणि तोंडातून निघते, ‘भीमलाव लामजी आंबेडकल’. मांडवात हशा पिकतो. हसणारे आपलेच असतात, त्यांच्या मनात वाईट काही नसते. पण पोरगं खाली उतरतं आणि पुढच्या वर्षी नाव दे म्हटले की आईच्या पदरामागे लपतं. असा प्रसंग आपणही कुठे ना कुठे पाहिला असेल.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढले, ते मुक्या ठेवलेल्या समाजाला वाचा मिळावी म्हणून. त्यांच्या लेकरांनी एका अक्षरापायी गप्प बसावे, हे बरे नाही.

‘र’ अवघड का जातो? ‘ल’ म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांमागच्या हिरडीला टेकून राहते आणि हवा बाजूंनी जाते. ‘र’ म्हणताना तेच टोक झटकन लागून लगेच सुटावे लागते. ही चपळाई लहान जिभेला उशिरा येते. म्हणून पाच-सहा वर्षांपर्यंत ‘र’चा ‘ल’ झाला तर घाबरू नये. यात मुलाचा आळस नाही की बुद्धीचा दोष नाही. अंगारे, नवस, जिभेला वेखंड घासणे यांनी ‘र’ येत नाही. जीभ वर उचलताच येत नसेल तर डॉक्टरांना दाखवावी. घरी ब्लेड मुळीच लावू नये.

आणखी एक गोष्ट. आपल्या वऱ्हाडात डोळ्याला ‘डोया’ आणि शाळेला ‘शाया’ म्हणतात. हा दोष नव्हे, ती आपली बोली आहे. पुस्तकी ‘ळ’ मूल शाळेत शिकेल. बोली आणि ‘र’ची अडचण यांची गल्लत करून पोराला ‘बोबडा’ ठरवू नये.

आता सराव. वावरातून थकून आलेल्या आईलाही पाच मिनिटे निघतील, एवढाच तो आहे. सकाळी पाच, रात्री पाच. रोज मात्र हवा.

१) आधी कान. ‘रात-लात’, ‘राख-लाख’, ‘चार-चाल’ अशा जोड्या तुम्ही म्हणा. ‘र’ ऐकू आला की मुलाने टाळी वाजवावी. कानाला फरक कळला नाही तर जिभेला कसा कळणार?

२) मग जीभ. आरसा समोर धरा. जिभेचे टोक वरच्या हिरडीला लावून ‘अदा-अदा-अदा’ म्हणायला लावा, आधी सावकाश, मग भरभर. जीभ सैल राहिली तर त्यातूनच पुष्कळ मुलांचा ‘अरा’ निसटतो. ट्रॅक्टरचा ‘ट्र-ट्र’ आवाज काढण्याचा खेळही चांगला.

३) मग रा, री, रू, रे, रो. ते साधले की शब्द. शब्द घरातलेच घ्या : भाकर, तूर, वरण, वावर. ‘हरभरा’ शेवटी ठेवा, त्यात ‘र’ दोनदा आहे. आपल्या जिल्ह्याच्या सहा तालुक्यांतही चार शब्द तयार आहेत : रिसोड, कारंजा, मानोरा, मंगरूळपीर.

४) शेवटी वंदना. त्रिसरणात ‘सरणं’ हा शब्द नऊ वेळा येतो, पंचशीलात ‘वेरमणी’ पाच वेळा. रोज संध्याकाळी घरात वंदना झाली तर वेगळा सराव न करताही चौदा वेळा जीभ ‘र’वर जाते. फक्त घाईने उरकू नका.

मूल ‘भाकल दे’ म्हणाले तर ‘नीट बोल!’ म्हणून दरडावू नये. ‘भाकर पाहिजे? घे भाकर,’ एवढेच म्हणावे. बरोबर शब्द त्याच्या कानावर पडला, पोटही भरले आणि मनही दुखावले नाही. थोरल्या भावंडांनाही चिडवू देऊ नये.

सात वर्षे उलटूनही ‘र’ येत नसेल, इतरही अक्षरे चुकत असतील, चार वर्षांच्या मुलाचे बोलणे परक्याला समजत नसेल किंवा कान वाहत असेल, तर वाट पाहू नये. प्रथम कान तपासून घ्यावेत. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व सरकारी शाळांतील मुलांची तपासणी होते. पथक आले की ही अडचण त्यांना स्वतःहून सांगावी. नाहीतर वाशिमच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात जाऊन वाचा-उपचार तज्ज्ञ कोठे भेटतील हे विचारावे. विचारायला लाजू नये. तो आपल्या मुलाचा हक्क आहे.

आणि पुढच्या जयंतीला मांडवात बसणाऱ्यांसाठी एक विनंती. एखादे लेकरू ‘भीमलाव’ म्हणाले तर हसू आवरा. भाषण पूर्ण होऊ द्या आणि जोरात टाळ्या वाजवा. ‘र’ आज ना उद्या येईल. तोवर मुलाची हिंमत टिकली पाहिजे.

जयभीम! नमो बुद्धाय!