लाल चिखल आणि मडगार्ड
सूरजागडच्या लोहखनिजाची धूळ पावसात कालवली, की एटापल्ली-आलापल्ली रस्त्यावर बिनमडगार्डची रेसर सायकल स्वाराच्या पाठीवर लाल पट्टा ओढते. लहान चाकांच्या सायकलीला तर बाजारातलं मडगार्ड धड बसतही नाही. ते बहुधा ७०० सी चाकासाठी घडवलेलं. त्या रिमवर टायर बसतो तिथला व्यास ६२२ मिलिमीटर, लहान ६५० बी चाकाच्या रिमचा ५८४. म्हणजे टायर तेवढाच जाड असेल तर वर १९ मिलिमीटरची जादा फट. काढता येणारं मडगार्ड रबरी पट्ट्यांनी बांधताना म्हणून खाली सरकवावं, पण बोटभर जागा ठेवूनच. इथला चिकट चिखल अडकला की चाक जाम! आणि शेजारून खनिजाचा ट्रक गेला, तर कुठलंच मडगार्ड कामाचं नाही.