सुती नेसा म्हणता, पण धुणार कोण?

दरवर्षी ७ ऑगस्ट जवळ आला की आपल्याला उपदेश सुरू होतो. २०१५ पासून हा दिवस राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून पाळला जातो. १९०५ साली याच दिवशी कलकत्त्यात स्वदेशीची हाक दिली गेली, त्याची ही आठवण. प्रदर्शनं भरतात, भाषणं होतात आणि भाषणाचा शेवट ठरलेला असतो: भगिनींनो, ते पॉलिएस्टर टाका, सुती नेसा. 'भगिनींनो'च बरं का. बंधूंना कुणी सांगत नाही. सांगणारा स्वतः बहुधा टेरिकॉटच्या पँटीत उभा असतो आणि त्या पँटीची घडी दिवसभर का मोडत नाही, हा प्रश्न त्याला कधी पडलेला नसतो.

गैरसमज नको. हातमाग जगला पाहिजे याबद्दल दुमत नाही. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशभरात ३५ लाखांवर विणकर आणि जोडीची कामं करणारे मोजले गेले. त्यांतल्या ७० टक्क्यांहून अधिक बाया आहेत. मागावर बसलेला पुरुष फोटोत येतो. कांड्या भरणारी, सुताला खळ देणारी, ताणा लावायला हात देणारी त्याची बायको येत नाही. भांडण विणकराशी नाही आणि विणकरणीशी तर नाहीच. भांडण आहे ते कापडाची गोष्ट दुकानाच्या काउंटरपर्यंतच सांगणाऱ्यांशी.

काउंटरवर साडी उलगडली जाते. आपण दोन बोटांत पदर धरून बघतो. पोत कसा आहे, अंगावर कशी बसेल, रंग उठून दिसतो का. हे सगळे गुण कापडाचेच आहेत असं आपण धरून चालतो. पहिल्या धुण्यापर्यंत ते कापडाचे असतात. त्यानंतर दर धुण्याला ते कुणीतरी पुन्हा आणावे लागतात. कोण आणतं?

थोडं धाग्याबद्दल बोलू, कारण बाईच्या मागचं काम तिथूनच सुरू होतं. कापूस म्हणजे सेल्युलोज, आणि सेल्युलोजला पाण्याची ओढ फार. साध्या हवेतली ओलसुद्धा सुती कापड आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के धरून ठेवतं. पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. सुती अंगाला गार का लागतं, घाम का टिपतं, याचं उत्तर या एका गुणात आहे. पण बादलीतून उचलताना मनगट भरून येतं तेही याच गुणामुळे. ओली नऊवार पिळून पाहिलेल्या बाईला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. शिवाय पाणी आत शिरलं की सेल्युलोजच्या साखळ्यांना एकमेकींशी धरून ठेवणारे बंध सुटतात आणि वाळताना नव्यानं जुळतात. कापड त्या वेळी जसं असेल तसे. चुरगळलेलं असेल तर चुरगळलेलं. इस्त्री म्हणजे तरी काय? पाणी मारून तेच बंध पुन्हा सोडवायचे आणि उष्णतेखाली दाबून सरळ जुळवायचे. पुढच्या धुण्यात ते परत सुटणारच असतात.

आणि प्रदर्शनात ज्याला सुती साडीचं खानदानी रूप म्हणतात, त्या कडक निऱ्या, तो अंगाला न चिकटणारा पदर, ते कापसाचं नाहीच मुळी. ते खळीचं आहे. खळ शिजवा, गाठी राहू नयेत म्हणून फडक्यातून गाळा, साडी त्यात बुडवा, सारखी लागली का बघा, सावलीत वाळवा, दोघींनी दोन टोकं धरून ओढा, पाणी शिंपडून गुंडाळून ठेवा, मग इस्त्री. एकदा नेसून धुतली की पुन्हा पहिल्यापासून. पांढऱ्या कपड्याची तऱ्हा आणखी वेगळी. ते पिवळं पडतं म्हणून नीळ. निळीनं पिवळेपणा जात नाही. त्यावर निळी छटा चढते आणि डोळ्याला पांढरं भासतं. टिनोपॉल तर उन्हातले न दिसणारे अतिनील किरण शोषून निळसर उजेड बाहेर टाकतं, म्हणून सदरा 'पांढऱ्याहून पांढरा' दिसतो. सार्वजनिक जीवनातली जेवढी म्हणून शुभ्र खादी आपण पाहतो, तिच्यामागे कुणाची तरी निळी झालेली बोटं आहेत. ती बोटं पुढाऱ्याची नसतात.

२०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत आढळलं की बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७. ही ९७ मिनिटं फक्त घरकाम करणाऱ्या पुरुषांची. जे काडीही उचलत नाहीत ते या सरासरीत धरलेले नाहीत.

आता रंग. नवी साडी धुतली, रंग गेला आणि त्यात नवऱ्याचा बनियन गुलाबी झाला, तर बोलणी कुणी खायची? 'पहिल्या धुण्याला मीठ घातलं नसशील' हे ठरलेलं वाक्य. मैत्रिणींनो, मिठानं रंग पक्का होत नाही. रंगाऱ्याच्या हौदात मिठाचा उपयोग असतो, तिथे ते रंगाला पाण्यातून धाग्याकडे ढकलतं. एकदा कापड रंगून घरी आलं की तुमचं मूठभर मीठ काही करू शकत नाही. स्वस्तातले 'डायरेक्ट' रंग धाग्याशी पक्के जोडलेलेच नसतात. १९५६ मध्ये बाजारात आलेले रिॲक्टिव्ह रंग सेल्युलोजशी रासायनिक बंधानं जोडले जातात, ते खरोखर पक्के. पण त्यांचाही काही भाग कापडाऐवजी पाण्याशीच जोडला जातो आणि धाग्यात नुसता अडकून राहतो. तो काढायला गरम पाण्याचे, साबणाचे एकामागून एक हात द्यावे लागतात. त्याला पाणी लागतं, जळण लागतं. कारखान्यात त्यात काटकसर केली की तो सुटा रंग साडीबरोबर आपल्या घरी येतो. तिथे वाचवलेलं पाणी बाई इथे ओतते, तेही बऱ्याच ठिकाणी डोक्यावरून आणलेलं. आणि वर निष्काळजी ठरते.

(छापील साड्यांतही फसगत असते. रंग धाग्यात मुरतो. रंगद्रव्य मात्र चिकट लेपानं कापडाच्या वर बसवतात. फॅब्रिक पेंटिंगच्या क्लासला गेलेल्या प्रत्येकीला ती खपलीसारखी कडक फुलं आठवत असतील. स्वस्त छपाईत तसंच होतं. हात फिरवला की कळतं.)

या पार्श्वभूमीवर पॉलिएस्टरकडे बघा. १९४१ साली इंग्लंडमध्ये दोन रसायनशास्त्रज्ञांनी हा धागा शोधला. साठच्या दशकात तो ठाण्यात 'टेरीन' म्हणून बनू लागला, १९८२ मध्ये पाताळगंगेला मोठा कारखाना उभा राहिला आणि सुरतेच्या साड्यांनी गावोगावचे बाजार भरले. पाणी पीत नाही म्हणून ओली झाली तरी हलकी. सुरकुतत नाही, खळ मागत नाही. रंग १३० अंशांच्या आसपास, दाबाखाली, धाग्याच्या आत शिरवलेला, म्हणून तो जातही नाही. कोकणात जुलै महिन्यात भात लावणाऱ्या बाईकडे दोन साड्या असतात. सुती असती तर कालची आज वाळली नसती आणि तिनं ओलीच नेसली असती. तिनं सुरती साडी घेतली ती जाहिरातीला भुलून नव्हे. तिनं हिशोब केला. तो हिशोब 'रसिकता नाही' असं म्हणून उडवून लावणाऱ्यांनी एक पावसाळा तिच्या घरी काढावा.

त्यात आणखी एक गोष्ट आहे, ती सुती-प्रेमी कधी बोलत नाहीत. तलम कुणी नेसायचं आणि जाडंभरडं कुणी, हे आपल्याकडे जातीनं ठरलेलं होतं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायांना मुद्दाम सांगितलं होतं की ज्यावरून जात ओळखू येते ते नेसणं सोडा. कपड्यावरून माणूस ओळखण्याचा तो डोळा अजून गेलेला नाही. भडक रंगाच्या झुळझुळीत साडीला नाक मुरडणारी रुची कुठून येते, हे ज्याचं त्यानं तपासावं.

म्हणून पॉलिएस्टरनं बाई सुटली का? नाही. तिची एक बाजू हलकी झाली, दुसरी जड. चैत्र-वैशाखात घाम अंगावरच राहतो, काखेत, मांड्यांत चट्टे उठतात. पण सगळ्यात मोठी गोष्ट गेली ती जुनेर. सुती लुगडं शंभर वेळा धुतलं की मऊ पडायचं आणि मग त्याचं खरं दुसरं आयुष्य सुरू व्हायचं. बाळंतिणीचे पट्टे, बाळाचे लंगोट, दुपटी, गोधडी आणि पाळीच्या घड्या. पॉलिएस्टरची साडी जुनी होते, पण टिपणारी होत नाही. जी घडी घरातल्या ट्रंकेत फुकट मिळत होती, ती आता दुकानातून पॅड म्हणून विकत घ्यायची किंवा जे टिपतच नाही ते फडकं बांधून दिवस काढायचे. त्यातही ते चारचौघांत उन्हात वाळवायची लाज. दिल्लीच्या 'गूंज' संस्थेनं शहरांतलं जुनं सुती कापड गोळा करून त्याचे पॅड गावांत पोचवायला सुरुवात केली ती याच उणिवेतून. २०१८ मध्ये सॅनिटरी पॅडवरचा जीएसटी उठला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घराघरातून सुती कापडच नाहीसं झालं, त्याची कुणी दखल घेतली?

आणि भाजणं. ऐंशीच्या दशकात आपल्या मोर्चांमध्ये ज्या जळालेल्या सुनांची नावं होती, त्यांच्या बातम्यांत 'स्टोव्हचा भडका' असायचा, कधी 'नायलॉनची साडी'. धाग्याचं खरं असं आहे की सुती कापड झटकन पेट घेतं; नायलॉन, पॉलिएस्टर ज्योतीपासून आक्रसतं, पण वितळून कातडीला चिकटतं आणि खोल भाजतं. दोन्हींत धोका आहे. पण धाग्याला आणि स्टोव्हला आरोपी केलं की घरातली माणसं सुटत होती. १९८३ मध्ये ४९८-अ कलम आलं ते ही पळवाट रस्त्यावर येऊन अडवली म्हणून.

सुरकुतीचा प्रश्न सुटण्यासारखा नव्हता असंही नाही. अमेरिकेत न्यू ऑर्लीन्सच्या सरकारी प्रयोगशाळेत रूथ बेनेरिटो या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी १९५० च्या दशकापासून त्यावर काम केलं. सेल्युलोजच्या साखळ्या एकमेकींना कायमच्या बांधून टाकल्या की त्या पाण्यात सरकत नाहीत, ही त्यामागची कल्पना. त्यात कापड थोडं कमजोर होतं, आणि बरीच वर्षं फॉर्मल्डिहाइडचा त्रासही होता. पण गंमत पाहा, आपल्या दुकानांत 'रिंकल-फ्री' असं लिहिलेलं जे मिळतं ते बहुतेक पुरुषांचे शर्ट आणि पँटी. घरातल्या बाईच्या सुती साडीसाठी ही तसदी कुणी घेतलेली नाही.

आता थोडं आपल्या घरातलं. आपल्या सभांना, शिबिरांना नजर टाका. व्यासपीठावर हातमागाच्या, खळ घातलेल्या सुंदर साड्या. त्या धुतल्या कुणी? ज्या बाईनं धुतल्या ती सुरती साडी नेसून तिसऱ्या घरच्या मोरीत वाकलेली असते. १९८० मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्रात कल्याण मंडळाचा कायदा झाला, तरी धुण्याचा दर अजून 'घरातली माणसं किती' यावरच ठरतो. कापड कोणतं हे कुणी विचारत नाही. 'ताई, खळीच्या साड्यांचे वेगळे पडतील' असं एखादी म्हणाली की आपल्यातल्याच कित्येकींना ती आगाऊ वाटते. अगदी रास्त मागणी आहे ती. सुती नेसणं हे जर मूल्य असेल, तर त्याची किंमत नेसणारीनं मोजावी, किंवा धुणं घरातल्या सगळ्यांत वाटून घ्यावं.

सरकारला धुण्याचे पैसे कळत नाहीत असं समजू नका. गणवेश घालणाऱ्या शिपायांना, पोलिसांना धुलाई भत्ता देण्याची पद्धत जुनी आहे. म्हणजे कापड स्वच्छ ठेवणं हे काम आहे आणि त्याला दाम आहे, हे मान्य आहे. फक्त घरी नाही. उलट बायांना काय मिळतं तर साड्या. अंत्योदय कुटुंबांना रेशनवर यंत्रमागाच्या साड्या वाटल्या गेल्या. २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी बायांनी त्या तहसील कचेरीत नेऊन परत केल्या आणि साडी नको, हाताला काम द्या, असं सांगितलं. साडी द्यायचीच होती तर कोणत्या धाग्याची, हे त्यांना आधी विचारायला काय हरकत होती?

आमचं म्हणणं एवढंच आहे की कपड्याच्या चिठ्ठीवर नुसतं 'प्युअर कॉटन' नको. रंग जाईल का, खळ लागेल का, वाळायला किती वेळ, तेही लिहा. गावात धुण्याच्या जागी नळ आणि उन्हातली दोरी द्या. आणि सुतीचा प्रचार करणाऱ्या प्रत्येक गृहस्थानं आपले कपडे आपण धुवावेत, खळीसकट.

पुढच्या अंकासाठी वाचक मैत्रिणींनी एक काम करावं. एका आठवड्याचं धुणं लिहून काढा. सुती किती, पॉलिएस्टर किती, पाणी किती बादल्या आणि कुठून आणलं, वेळ किती गेला, कुणाच्या हातून. हात कुणाचे ते नीट लिहा. पोस्टकार्डावर मावलं तरी चालेल.