एक खूण काढण्याच्या परवानगीसाठी : शिक्षणाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी, जिल्हा परिषद

विषय : शाळेतील संगणक बंद होत नसल्याबाबत (पुन्हा).

महोदय,

आमच्या अर्जांच्या पोचपावत्या फायलीत आहेत, उत्तर एकही नाही. म्हणून हे जाहीर पत्र.

आपल्या देखभाल ठेकेदाराचा माणूस येतो, 'विंडोज करप्ट आहे' म्हणतो, फॉरमॅट मारतो, सही घेतो आणि निघतो. मुलांचे प्रकल्प त्यात पुसले जातात आणि 'शटिंग डाऊन'चे ठिपके काही दिवसांत पुन्हा गरगरू लागतात. दर वेळी फॉरमॅटच का, असे विचारले तर 'वरून सांगितलंय'. वर म्हणजे आपणच ना?

आता आकडे बघू. विंडोज 10 मध्ये प्रोग्रॅम 'अडकला' असे ठरायला मूळ सेटिंगनुसार 5,000 मिलिसेकंद लागतात. बंद होताना सर्व्हिसना आवरायलाही तेवढीच, म्हणजे 5 सेकंदांची मुदत मिळते. आमचे पडदे तास संपला तरी हलत नाहीत. तेव्हा दुखणे आणखी खाली आहे आणि त्याचे नाव फास्ट स्टार्टअप. 2012 साली विंडोज 8 बरोबर आलेली ही सोय 'शट डाऊन' केल्यावर यंत्रणेचा गाभा पूर्ण बंद करत नाही, डिस्कवरच्या एका फाइलीत साठवून ठेवते. रीस्टार्ट मात्र सगळे बंद करूनच पुन्हा सुरू करतो. आमचे संगणक रीस्टार्ट निमूट होतात. शिफ्ट दाबून शट डाऊन केले तर बंदही होतात. अडतात ते फक्त साध्या शट डाऊनला. याहून स्वच्छ निदान कोणते हवे? विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये संगणक नीट बंद न झाल्याच्या, 41 आणि 6008 क्रमांकाच्या नोंदींची रांग लागली आहे. ठेकेदाराच्या माणसाने आमच्यासमोर तरी तो कधी उघडलेला नाही.

उपाय एवढाच की पॉवर ऑप्शन्समधली फास्ट स्टार्टअपसमोरची एक खूण काढायची. त्याला ॲडमिन पासवर्ड लागतो. तो ठेकेदाराकडे, कारण 'शिक्षकांनी सेटिंगला हात लावू नये' असे आपले परिपत्रक आहे. मुलांना संगणक शिकवायला आम्ही पात्र आहोत, एक खूण काढायला नाही. आपल्या दूरदृष्टीला नमस्कार.

शिफ्टची सूचना फळ्यावर लिहिली आहे. पण घंटा झाली की सहावीची मुले फळा वाचत थांबत नाहीत. मग उरतो बटण 4 सेकंद दाबून धरण्याचा मार्ग. त्यात डिस्कवर लिहायचे राहिलेले जाते, फाइली बिघडतात आणि अहवालात शेरा येतो 'शाळेची निष्काळजी हाताळणी'. ठेकेदाराचे बिल मात्र वेळेवर निघते. हा निष्काळजीपणा कोणाच्या नावावर मांडायचा?

विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 लाच संपला. पुढे काय, हे आज विचारत नाही. आधी आहे ते बंद तरी होऊ द्या.

तेव्हा पासवर्ड द्या. द्यायचा नसेल तर 'संगणक बटण दाबून बंद करावेत, नुकसानीस शाळा जबाबदार नाही' असे आपल्या सहीनिशी लेखी द्या. दोन्हींपैकी काहीच न आल्यास पुढचा अर्ज ठेकेदाराची बिले कशावर मंजूर झाली याचा असेल, माहिती अधिकाराखाली.

आपला,
एक संगणक शिक्षक