सोनेरी महाल आणि 'मोकळी जागा'

मराठी वाङ्मयात घर म्हटले की वाडा येतो. वाडा आत पाहतो. रस्त्याकडे त्याची भिंत आणि दिंडीदरवाजा. सारा संसार चौकाभोवती. एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'पर्यंत आमची घराची कल्पना या चौकातून फारशी बाहेर पडलेली दिसत नाही.

चितेगावहून पैठण रस्त्याने छत्रपती संभाजीनगरला, विद्यापीठात, येणाऱ्या मराठीच्या विद्यार्थ्याला मात्र निराळ्या जातीचे एक घर हाताशी आहे. विद्यापीठाच्या शेजारीच, लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी, सोनेरी महाल उभा आहे. ओरछ्याच्या पहाडसिंग बुंदेल्याने तो 1651 ते 1653 या काळात बांधला असे मानतात. मुघलांबरोबर दख्खनेत आलेल्या या राजाने गावाच्या गजबजाटाबाहेरची जागा निवडली. उंच जोत्यावर दगड-चुन्याची कमानदार इमारत, पाठीशी डोंगर, समोर बाग आणि बागेच्या टोकाला भव्य प्रवेशद्वार. हे घर बाहेर पाहते.

आतल्या चित्रांत सोने वापरले होते, म्हणून नाव सोनेरी. महालाविषयी लिहिणारे बहुतेकजण या सोन्यापाशीच थांबतात. ते आता जवळजवळ उरलेले नाही, तरीही! आज आत राज्य पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे आणि पाहुणा थेट त्यातल्या मूर्तींकडे वळतो. आमच्या मते दरवाजा ते जोते हे अंतर हाच या वास्तूचा गाभा होय. बागेतून चालत जाताना महाल आणि त्यामागचा डोंगर एकत्र जवळ येतात. ते चालणे वगळले तर उरते ती नुसती एक जुनी इमारत.

वाड्याच्या सवयीने पाहणाऱ्या डोळ्यांना हे अंतर रिकामे वाटते. आम्ही त्याला 'मोकळी जागा' म्हणतो, आणि आपल्या कचेऱ्यांच्या भाषेत मोकळी जागा म्हणजे जिथे अजून काही बांधलेले नाही ती. वेरूळ-अजिंठा महोत्सवाच्या मैफली इथे झाल्या, त्याबद्दल आमची तक्रार नाही. बसून ऐकावे, पाहावे याचसाठी तर ही बाग. पण जतनाचा विचार भिंतींपाशी संपत असेल तर तो अपुरा आहे. डोंगराकडची नजर अडवणारे एखादे बांधकाम एकाही दगडाला धक्का न लावता हा महाल मोडू शकते.

वाङ्मयाच्या वर्गात वाड्यावर इतके तास खर्ची पडतात. त्यातला एक या प्रवेशद्वारात उभे राहून घ्यावा. संग्रहालय नंतर पाहता येईल.