शॉपिंग करा, पैसे मिळवा?

‘शॉपिंग करायचे पैसे मिळतात? मग मलाही सांग ना!’ मिस्टरी शॉपिंगचं नाव काढलं की आमच्या ग्रुपमधली प्रत्येक जण हेच म्हणते. मीही अशीच भुलले होते. फ्रीलान्सरची महिनाअखेर काय चीज असते, ते तुम्हा फिक्स्ड सॅलरीवाल्यांना नाही कळायचं!

एक दिवस फोन आला. ‘मॅडम, आमचा कोर्स करा, सर्टिफाईड मिस्टरी शॉपर व्हा. फक्त पाच हजार. काम गॅरंटीड.’ मी जवळजवळ हो म्हणणारच होते. तेवढ्यात बाबांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, ‘काम ते देणार, मग पैसे तू का द्यायचे?’ आपली बोलती बंद!

मग जरा होमवर्क केला. या धंद्यातल्या कंपन्यांची एमएसपीए नावाची संघटना आहे. तिची सिल्व्हर आणि गोल्ड सर्टिफिकेट्स शॉपर मंडळींमध्ये बरीच वर्षं ओळखीची आहेत. पण काम मिळवायला सर्टिफिकेट लागतंच असं नाही. अमेरिकेचं फेडरल ट्रेड कमिशन तर स्पष्टच सांगतं, की हे काम मिळवण्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका. कुणी आधी चेक पाठवून ‘हा भरा आणि थोडे पैसे पुढे पाठवा’ म्हणालं, तर सरळ पळ काढा. चेक बाउन्स होतो आणि पाठवलेले पैसे तुमच्या खिशातून जातात.

पाच हजार वाचवून मी दुसऱ्या एका कंपनीकडे फुकटात नाव नोंदवलं. पहिली असाइनमेंट होती मॉलमधलं कपड्यांचं दुकान. आत शिरल्याची वेळ, स्वागत कुणी केलं, ट्रायल रूम स्वच्छ होती का, बिलाला किती मिनिटं लागली, सगळं लक्षात ठेवायचं. समोर कागद-पेन काढायचं नाही, की संपलं! खरेदीचे पैसे आधी आपण भरायचे, ते नंतर परत मिळतात. म्हणजे फुकट शॉपिंगचा फंडा तिथेच खलास.

काउंटरवरच्या मुलाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हसणं नाही, थँक्यू नाही. बिलाला अठरा मिनिटं. मी जाम वैतागले. घरी येऊन रिपोर्टमध्ये लिहिलं, ‘कर्मचारी उद्धट आहे.’ त्याच्या शर्टावरचं नावही टाकलं.

रिपोर्ट परत आला. शेरा होता, ‘मत नको. काय दिसलं, काय ऐकलं ते लिहा.’

पुन्हा आठवायला बसले. तीन काउंटर होते, दोन बंद. रांगेत माझ्यापुढे नऊ जण. तो एकटाच, उभ्याने. बिल करताकरता फोनही तोच घेत होता. हे सगळं मी बघितलं होतं, फक्त लिहिलं नव्हतं. ‘उद्धट’ खोडलं आणि हे आकडे भरले. त्याने ग्रीट केलं नाही, तेही राहू दिलं, कारण तेही खरंच होतं.

त्या मुलाचं पुढे काय झालं, ते मला कधीच कळणार नाही. शॉपरला ते कुणी सांगत नाही. पण माझ्या एका शब्दावर त्याची नोकरी टांगणीला लागू शकली असती, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही.

तेव्हा मैत्रिणींनो आणि मित्रांनो, मिस्टरी शॉपर जरूर व्हा. पाच हजार मात्र खिशातच ठेवा. आणि रिपोर्ट पाठवण्याआधी एकदा मोजा, काउंटर किती बंद होते!